तुटल्या हुकाचे दाणे

१

१९६८ साल. त्या वर्षी माझं वय एकवीस होतं, दादाचं एकोणतीस, आणि मुकादमांचं जेवढं होतं तेवढ्यावर कायमचं थांबलं.

आमच्या कारखान्यात अवजड वजनं उचलायचं सामान घडत असे. साखळ्या, कप्प्या, हूक. दादा भट्टीवर होता आणि मी तपासणीच्या खोलीत. पोलादाचे छोटे तुकडे कापायचे, काचपेपरवर घासून आरशासारखे करायचे आणि साहेबलोकांनी मागितले की मायक्रोस्कोपखाली ठेवायचे, एवढं माझं काम. साहेबलोक क्वचितच मागत.

त्या सकाळी मी असाच एक तुकडा घासत बसले होते. शेडमधून आवाज आला. फार मोठा नव्हता. दगडावर पितळी घंगाळ आपटावं तसा. मागोमाग सगळी यंत्रं एकेक करून बंद पडत गेली, आणि ती शांतता मात्र मला आजही ऐकू येते.

क्रेनचा हूक मधोमध तुटला होता. ओझं काही मोठं नव्हतं. रोज तो हूक त्याच्या दुप्पट वजन सहज उचलायचा. पण खाली मुकादम उभे होते.

त्यांच्या अंगावर कुणीतरी आपला शर्ट काढून टाकला. साहेब धावत आले. त्यांनी मुकादमांकडे एकदा पाहिलं, मग तुटलेल्या हुकाकडे बराच वेळ पाहिलं.

"हा हूक इथेच बनलाय ना?" ते म्हणाले. "याला पाणी कुणी दिलं होतं?"

पाणी देणं म्हणजे लालभडक पोलाद एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक करायचं, आणि मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा उतरवायचा. पाणी नीट बसलं तर पोलाद चिवट होतं. बिघडलं तर काचेसारखं.

गर्दीतून दादा पुढे झाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी," तो म्हणाला. "माझ्या हातून माणूस मेला."

२

एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण साहेबांनी कागद पुढे केला आणि दादाने त्यावर सही ठोकली. पोलिसांना साहेब म्हणाले, "विमा कंपनीचा तपासनीस येऊन जाऊ दे, मग याला न्या. पळून जाणारा माणूस नाही हा."

खरंच नव्हता. तो कुठेच जात नव्हता. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी ताट आणायची, तसंच परत न्यायची.

"अहो, दोन घास तरी."

"भूक नाही."

"भूक आहे म्हणून कोण जेवतं? वेळ झाली म्हणून जेवायचं."

वहिनी स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ हळू आवाजात बोलायची. "वन्सं, दाढीचं पातं मी पिठाच्या डब्यात ठेवलंय. वाळत घालायची दोरी शेजारी दिलीये. तुम्हाला आणखी काही सुचतंय का?"

घरात काय काय लपवायचं याचा विचार करत आम्ही दोघी झोपायचो. त्याला झोप म्हणायचं असेल तर.

एकदा मी दादाजवळ बसले आणि सरळ विचारलं, "तुझ्याकडून पाणी बिघडलं हे तुला कसं कळलं? हूक तर बरेच दिवस नीट चालला."

तो भिंतीशीच बोलला. "तो हूक भट्टीत होता तेव्हा घरून निरोप आला. बाळाला फिट आली म्हणून. मी सगळं तसंच टाकून पळालो. परत कधी आलो, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. बाळाला पोहोचवून आल्यावर.

"भट्टी चालूच होती, चिमणे. हूक आत किती वेळ शिजला कुणास ठाऊक. आलो तेव्हा तो थंड होऊन टेबलावर पडला होता. कुणी काढला, कसा काढला, मी विचारलंही नाही. वरचा पापुद्रा घासला आणि पुढे पाठवून दिला. तेव्हा मला कशाचीच पर्वा नव्हती." मग अगदी हळू, "एकाच दिवसाने दोघांना नेलं."

मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तेवढ्यात वहिनीचा धाकटा भाऊ आला. तो आमच्याच कारखान्यात वेल्डर होता. सगळे त्याला गवई म्हणत, कारण मुखवट्याच्या आतही त्याचं गाणं चालूच असे. बसला की दाराच्या चौकटीवर, कपावर, स्वतःच्या गुडघ्यावर आधी तीन थापा, मगच तोंड उघडायचा. लहानपणी तबला शिकायचा होता, तबला काही मिळाला नाही.

टक्, टक्, टक्. "ताई, चहा टाक. भावोजी, उठा. मी सांगतो हे कुणाचं काम आहे. त्या कुलपाचं!"

कुलूप म्हणजे आमचे स्टोअरकीपर. खिळासुद्धा कुलपात ठेवायचे.

"चांगलं पोलाद बाहेर विकलं असेल आणि हुकाला भंगार दिलं असेल. मी त्याच्या नरडीला हात घालून कबूल करून घेतो."

"गप रे," वहिनी म्हणाली. पण तिचे डोळे तेवढ्यापुरते चमकले. बुडत्याला काडीचा आधार.

गवई जाताना दादाच्या पायांशी जरा बसला. या वेळी त्याने थापा मारल्या नाहीत. शेवटी म्हणाला, "भावोजी, तुमच्या जागी मला नेलं तरी चालेल, पण तुम्ही जेवा हो."

३

तपासनीस आले ते पोलिसासारखे अजिबात दिसत नव्हते. तंत्रशाळेत धातू शिकवणारे म्हातारे मास्तर. कोटाचं एक बटण सदऱ्याच्या काजात अडकवलेलं. विमा कंपनी असल्या अपघातांत त्यांना बोलवायची.

साहेबांनी दादाचा सही केलेला कागद त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी तो बाजूला सारला.

"माणूस दुःखात काहीही लिहून देतो. लोखंड बोलत नाही, म्हणून त्याला घासून विचारावं लागतं. घासणारं कोण आहे इथे?"

मी हात वर केला.

"नातं काय आरोपीशी?"

"सख्खी बहीण."

साहेब म्हणाले, "मग हिला यातून—"

"राहू दे," मास्तर म्हणाले. "सख्खी आहे, म्हणजे घाईत घासणार नाही. चुकीचं घासलं तर मला दिसतंच."

त्यांनी आधी तुटलेला हूक खिडकीशी नेला. तुटीचा पृष्ठभाग मला जवळून पाहायचा नव्हता, पण त्यांनी पाहायला लावलं.

"काय दिसतं?"

"शिंपल्यासारख्या रेषा," मी म्हणाले. "एकात एक."

"कुठून सुरू होतात?"

हुकाच्या वळणाच्या आतल्या बाजूला, अगदी कडेवर, एक बिंदू होता. सगळ्या रेषा त्याच्याभोवती पसरत गेल्या होत्या, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. त्या जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचल्या होत्या. पलीकडे फक्त नखाएवढा भाग खरबरीत आणि चकचकीत होता.

"भेग एका क्षणात पडली नाही," मास्तर म्हणाले. "रोज थोडी थोडी सरकली. प्रत्येक ओझ्यागणिक केसभर. शेवटी एवढासा भाग शाबूत उरला होता, तो त्या दिवशी तुटला."

मी वाकून पाहत होते. रेषांच्या पहिल्या काही वलयांत, आतल्या बाजूला, पिवळा रंग होता. क्रेनला आम्ही लावतो तोच पिवळा ऑइलपेंट.

"सर, भेगेच्या आत रंग कसा?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"छान प्रश्न आहे," ते म्हणाले. "तो सध्या झाकून ठेव. कुणालाही सांगू नकोस. तुझ्या साहेबांना तर मुळीच नाही."

४

मास्तरांनी माणसांना एकेक करून बोलावलं. तुकडे घासायला मी तिथेच कोपऱ्यात होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं.

कुलूप आले तेच घामाघूम होऊन. "मला माहीत आहे लोक काय म्हणतात. मी पोलाद विकलं! अहो, ज्या सळईतून तो हूक केला तिचा उरलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे. कुलपात! घ्या, तपासा."

"तुम्ही उरलेले तुकडे कशाला ठेवता?"

"कुणी चोर म्हणू नये म्हणून. तरी म्हणतातच."

मी तो तुकडा घासला. हुकाचं आणि त्याचं पोलाद एकच निघालं. चांगलं, महागातलं. गवयाच्या काडीचा आधार तिथेच सुटला. मला वाईट वाटलं, याचीच मला लाज वाटली.

जाता जाता मास्तरांनी सहज विचारलं, "मध्यंतरी क्रेन रंगवली ना? रंगवण्याआधी काय काय नेलं तुमच्याकडून?"

"रंग आणि कुंचले."

"रॉकेल? खडूची पूड?"

"छे. रॉकेलचा एक थेंब माझ्या हातून सुटला तर मला रात्री झोप लागत नाही. नेलं असतं तर आठवलं असतं."

मग आली क्रेन चालवणारी अक्का. वरच्या केबिनमध्ये बसून अर्ध्या कारखान्याच्या भानगडी तिला दिसत, आणि उरलेल्या अर्ध्या ती तर्काने ओळखत असे.

"मी झटका दिला नाही," ती आल्या आल्या म्हणाली. "जास्त वजनही नव्हतं. पटत नसेल तर मला टांगा."

"पटतंय," मास्तर म्हणाले. "ओझं जड असतं तर बराच भाग शाबूत असतानाच हूक तुटला असता. शेवटी नखाएवढा राहीपर्यंत टिकला, म्हणजे ओझं हलकंच होतं. बसा."

अक्काचे खांदे खाली आले. तिने पदराने डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तुझा दादा काय वेडा आहे का? ज्या दिवशी तुमचं बाळ गेलं, त्या दिवशी तो हूक त्याने काढलाच नाही भट्टीतून."

माझ्या हातातला तुकडा खाली पडला.

"मी वरून पाहिलंय. तो पळाला आणि मागोमाग मुकादमांनी स्वतः चिमटा घेतला. त्यांनीच काढला, त्यांनीच तेलात बुडवला, पुन्हा तापवून थंड करायला ठेवला. मला म्हणाले, अक्का, खाली कुणाला बोलू नकोस, आधीच त्या पोरावर आभाळ कोसळलंय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"दादाने कबूल केलं म्हटल्यावर मला वाटलं, आणखी काहीतरी असेल! आणि मेलेल्या माणसाचं नाव मी कशाला घ्यायचं? पाणी त्यांच्याच हातून बिघडलं असेल तर?"

ती गेल्यावर मी मास्तरांकडे पाहिलं. दादा सुटत होता. पण मुकादमांच्या हातून चूक झाली असली, तर त्यांच्या बायकोला विम्याचा आधार मिळणार नव्हता.

"अजून कुणीच सुटलेलं नाही आणि कुणीच अडकलेलं नाही," मास्तर म्हणाले. "घास."

५

हुकाच्या पोटातला तुकडा मी दुपारभर घासला. खरबरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मखमलीवर. मग पातळ अॅसिडचा एक हात. आरसा धुरकट झाला की समजायचं दाणे उघडे पडले.

पोलाद वरून कितीही एकसंध दिसलं तरी आत दाण्यादाण्यांचंच असतं. जास्त वेळ भट्टीत राहिलं की ते दाणे एकमेकांना गिळून फुगतात. मोठ्या दाण्यांमधून भेग सरळ धावते, हमरस्त्यावरून जावं तशी. बारीक दाण्यांत तिला पावलापावलाला वळावं लागतं, आणि ती दमते. दादा हे सगळं भट्टीच्या उजेडात, नुसत्या रंगावरून सांभाळायचा. मी ते भिंगातून पाहत होते.

मास्तरांनी आधी पाहिलं. डोळा भिंगावरून हलवलाच नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

"ये, बघ," ते म्हणाले.

दाणे बारीक होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक आणि एकसारखे. कुठेही फुगलेले नाहीत.

"शिजला नव्हता तर," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

"वेळेवर निघाला, नीट बुडाला, नीट शांत झाला. मुकादमांचा हात तयार होता." त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता जिथून भेग निघाली तो बिंदू घे. तिथे काय आहे बघू."

तो तुकडा छोटा होता, त्याला घासताना माझी बोटं सोलली. अॅसिड लावल्यावर सगळं पोलाद काळसर झालं. फक्त कडेवरची एक कोर, मोहरीएवढी, पांढरीशुभ्र राहिली.

"अॅसिड लागलंच नाही तिथे," मी म्हणाले.

"लागणार नाही. ती कोर काचेइतकी टणक आहे आणि काचेइतकीच ठिसूळ. कुणीतरी हुकावर तेवढ्याच जागी, क्षणभर, पोलाद वितळेल इतकी आच लावली. आजूबाजूच्या थंड पोलादाने ती आच गपकन ओढून घेतली. पाणी न देताच पाणी बसलं. आणि तिचा ताठा उतरवायला कुणी पुन्हा तापवलं नाही. पहिल्याच ओझ्याला ती कोर तडकली असेल. तिथून भेगेला वाट मिळाली."

"अशी क्षणभराची आच कशाची असते?"

मास्तरांनी हुकाच्या त्या कडेवरचा रंग पात्याने खरवडून काढला आणि तिथे अॅसिडचा बोळा फिरवला. पांढऱ्या डागाशेजारी आणखी दोन डाग उमटले. एका ओळीत, सारख्या अंतरावर. तीन ठिपके.

"वेल्डिंगच्या रॉडचे आहेत," ते म्हणाले. "इथे वेल्डिंग कोण कोण करतं?"

"गवई. अडल्यानडल्याला मुकादम करायचे," मी म्हणाले. हातातला तुकडा मी बाजूला ठेवला. "आणि दादा."

६

साहेबांना हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ते आमच्या घरी आले. पहिल्यांदाच.

"एक चांगला मार्ग आहे," ते वहिनीला म्हणाले. "मुकादम वेल्डिंग करायचेच. तेच खाली उभे होते. त्यांचीच चूक म्हटलं तर प्रकरण मिटतं. तुमचा नवरा उद्यापासून कामावर. त्याने फक्त एवढं सांगायचं की मुकादमांना हुकाजवळ वेल्डिंग करताना पाहिलं होतं."

ते गेल्यावर वहिनीने दार लावून घेतलं.

"मेलेल्या माणसाला काय शिक्षा होणार आहे, वन्सं?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "आणि हे असेच पडून राहिले तर मला काय राहणार आहे?"

"त्यांची बायको आहे, वहिनी. पदरात दोन मुली."

"माहीत आहे! मला काय माहीत नाही?" तिने भांडं आपटलं. मग ते उचलून पुसलं, परत जागेवर ठेवलं. "मला सगळं माहीत आहे. तरी मी म्हणतेय. काय करू?"

आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. अक्काने सांगितलेलं मी त्याच्या कानावर घातलं होतं.

"ज्या माणसाने माझ्या बाळाच्या दिवशी माझं काम केलं, त्याच्यावर मी हे ढकलू? मला न्या म्हणावं. उद्या सकाळी मीच जातो."

तो उठला, शर्ट घातला, आणि दारापाशी जाऊन बसला. रात्रभर तिथेच बसला होता. वहिनी त्याच्यासमोर जमिनीवर. मी दोघांच्या मधे.

७

सकाळी मास्तरांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. साहेब, कुलूप, अक्का, गवई, दादा. मुकादमांच्या बायकोसाठी खुर्ची ठेवली होती, पण ती बसली नाही.

मास्तरांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. पोलाद खरं होतं, म्हणून कुलूप निर्दोष. ओझं हलकं होतं, म्हणून अक्का निर्दोष. दाणे बारीक होते, म्हणून भट्टी निर्दोष. शेवटचं वाक्य ते दादाकडे बघून दोनदा म्हणाले. दादाला ते कळलं की नाही, सांगता येत नव्हतं.

"मग उरले ते ठिपके," साहेब म्हणाले. "मुकादमांचे."

"किंवा यांचे. किंवा याचे," मास्तरांनी दादाकडे आणि गवयाकडे बोट केलं. "पाण्याच्या टाकीची चौकट याच हुकाला साखळीने टांगून जोडली होती ना? वीज चौकटीतून साखळीत, साखळीतून हुकात. रॉड हुकाला नुसता टेकला तरी ठिणगी पडणार. चौकटीवर तिघांनीही काम केलं, असं मला कळलंय. मुकादमांनी जोडलेली जुनी कामं मी काल पाहिली. आजूबाजूला एकही डाग नाही. आता या दोघांनी माझ्यासमोर एकेक सांधा जोडायचा."

दादाने रॉड घेतला. बाकावर पडलेला भंगाराचा तुकडा त्याने जवळ ओढला, रॉडचं टोक त्याच्यावर घासलं आणि मग सांध्याला लावला. सांधा वेडावाकडा झाला.

"आता तुम्ही."

"परीक्षाच म्हणा की," गवई हसला. आपल्या मेहुण्यावरून आळ गेला या आनंदात तो होता. "भावोजींपेक्षा चांगला नाही झाला तर नाव बदलीन."

त्याने मुखवटा खाली ओढला. आतून गुणगुण सुरू झाली. आणि मग, बाकाच्या लोखंडी पायावर, हाताशी जे लोखंड होतं त्यावर:

टक्, टक्, टक्.

तीन निळ्या ठिणग्या. मग त्याने सांधा घातला. इतका सुरेख, की सोन्याच्या कारागिराने घालावा.

मुखवटा वर करून तो म्हणाला, "झाला! कसा आहे?"

अक्काने तोंडावर हात धरला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग मास्तर जिकडे बघत होते तिकडे पाहिलं. बाकाच्या पायावर तीन ठिपके होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर. त्यांच्याखाली जुने होते. त्यांच्याखाली आणखी जुने. सगळा पाय देवीच्या व्रणांनी भरल्यासारखा.

"रॉडच्या टोकावर खपली असते," गवई म्हणाला. "ती पाडायला... मी नेहमीच... नुसता ठेका आहे तो."

त्याने आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला, कुणा दुसऱ्याचाच असावा तसा.

मग तो मुकादमांच्या बायकोपुढे खाली बसला. पाय धरायचं त्याला धाडस झालं नाही. नुसता बसला.

८

साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे प्रकरण मिटलं."

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "भेगेत रंग आहे."

साहेबांचा चेहरा तेव्हा उतरला.

"हूक रंगवला तेव्हा भेग उघडी होती, म्हणून रंग आत गेला. रंगवण्याआधी हूक रॉकेलने धुवायचा, पुसायचा आणि खडूची पूड लावायची. भेग असली तर आतलं रॉकेल पाझरतं आणि पुडीवर काळी रेघ उठते. हे तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. पण कुणी रॉकेल नेलं नाही आणि खडू नेला नाही. कुणी सांगितलं होतं थेट रंग फासायला?"

"पाहुणे येणार होते," साहेब म्हणाले. "वेळ नव्हता. क्रेन जरा चांगली दिसावी म्हणून."

"याने बी पेरलं, न कळत," मास्तर गवयाकडे बघून म्हणाले. "रोप उगवलं होतं. ते दिसू नये असं कुणी केलं, ते मी माझ्या अहवालात लिहीन."

तसं त्यांनी लिहिलं. साहेबांची नोकरी गेली, वर्षभर कोर्टाच्या खेपा झाल्या, दंड झाला. नंतर ते दुसऱ्या कुठल्या कारखान्यात लागले. माणूस वाईट नव्हता, असं अक्का म्हणायची. मला तसं कधी वाटलं नाही.

मुकादमांच्या बायकोला विम्याचे पैसे मिळाले. तिने त्यावर शिवणाचं दुकान टाकलं. थोरली मुलगी शिक्षिका झाली, धाकटी परदेशी गेली. अक्का निवृत्त होईपर्यंत त्याच केबिनमध्ये बसली, पण प्रत्येक पाळीच्या आधी स्वतः खाली उतरून हुकाला खडू लावायची. कुलपांना मरेपर्यंत कुणी चोर म्हटलं नाही, आणि मला वाटतं, त्यांना त्याची थोडी चुटपुटच लागली. मास्तरांनी मला तंत्रशाळेत घेतलं. ते गेल्यावर त्यांच्या खोलीत मीच शिकवायला लागले, ते केस पांढरे होईपर्यंत. लग्न जमलं नाही, आणि त्याचं दुःखही फार काळ टिकलं नाही.

वहिनीला पुढे एक मुलगी झाली. नवरा परत मिळाला तो भाऊ देऊन, असं तिला वाटायचं. ती कधी बोलून दाखवायची नाही. पण तिच्या स्वयंपाकघरात कुणी बोटांनी ठेका धरला की ती उठून बाहेर जायची.

गवयाला कायद्याने शिक्षा झाली नाही. त्याने ती स्वतःच घेतली. काम सोडलं, गाणं सोडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेला. उजवा हात खिशातच ठेवायचा, जेवतानासुद्धा. मग जेवणही सोडलं. वहिनी डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. आमच्या घरात आधी झालं होतं तेच, नुसतं घर बदलून.

तेव्हा दादा जाऊ लागला. भट्टीवरून सुटला की आधी तिकडे. दोघं तासभर बसायचे. एकदा मी बरोबर होते. दादाने डबा उघडला, भाकरी तोडली आणि त्याच्यापुढे धरली.

"मला नको," गवई म्हणाला. "तुम्हाला काय कळणार, भावोजी. तुम्ही सुटलात."

"मी तीन आठवडे खुनी होतो," दादा म्हणाला. "दाणे बारीक निघाले, ते माझ्या नशिबाने. पण ते तीन आठवडे खोटे नव्हते. मला त्याची सवय झाली नाही. तुलाही होणार नाही. पण माणूस जेवायला लागतो."

गवयाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि तो घास घेतला.